पुलीवरची खूण

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार कसा लिहावा ते कळेना, म्हणून लिहिलेला नाही. अकरा वर्षांनी लिहिलेला नमस्कार अर्जासारखा दिसतो. तू पाकीट उघडलंस एवढं पुरे. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच केरात टाकलं असशील, तर मी भिंतीशी बोलतोय. त्याची आता सवय आहे. अण्णांना गेली तीन वर्षं काहीही ऐकू येत नाही. गळ्यात एक पांढरी पाटी अडकवून फिरतात आणि आपण त्यावर लिहायचं. स्वतः मात्र बोलतात, आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं.

पत्ता दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला. त्या तुला दर वर्षी पत्र पाठवतात हे मला ठाऊक नव्हतं. तू इस्पितळाच्या लॉन्ड्रीत धुलाईची यंत्रं सांभाळतेस हेही त्यांच्याकडूनच कळलं. "सांभाळते म्हणजे काय, ती एक दिवस गेली नाही तर अख्खं इस्पितळ बिनचादरीचं झोपतं," असं म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

काम त्यांच्याच गाडीचं आहे. हो, तीच गाडी. अजून चालवतात. पण आता डिस्ट्रिब्युटरचं झाकण मिळेना, आतला रोटर मिळेना, मिळतो तो चार महिन्यांत चिरफळतो. मागच्या महिन्यात भर चौकात गाडी बंद पडली तेव्हा बाई म्हणाल्या, हे फिरतं खटलं एकदाचं काढा आणि नव्या गाड्यांत असतं तसं करून द्या. म्हणजे पूर्वी कसं, एकच कॉइल असायची आणि डिस्ट्रिब्युटर गरागरा फिरत चारही प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटायचा. आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल. वाटप बंद. कुणाला कधी ठिणगी द्यायची ते एक कंट्रोल बॉक्स ठरवतो. त्याला इंजिन कुठवर फिरलंय ते कळावं म्हणून पुढं क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला छत्तीस दात्यांची चकती लावायची. त्यातला एक दाता मुद्दाम नसतो. तो रिकामा दाता सेन्सरसमोरून गेला की डब्याला कळतं, एक फेरा झाला.

तुला हे सगळं माहीतही असेल. मी वायरिंगवाल्याकडून शिकतोय. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि मला "काका, घाबरू नका" म्हणतो.

तर प्रश्न असा. चकती बसवताना शून्य, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचल्याची जागा, कुठं धरायचं? क्रँकच्या पुलीवर जी खूण आहे तिच्यावरून धरलं तर चालेल ना? वायरिंगवाला म्हणतो, खूण आहे ना, मग झालं तर. मला वाटलं तुला विचारावं. त्या इंजिनाला तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही.

अण्णांना हे पत्र माहीत नाही. त्यांच्यासमोर तुझा विषय निघत नाही. तुझी भावजय मागं एकदा काढायला गेली, तर ते पाटी खाली ठेवून उठून गेले.

उत्तर फक्त कामापुरतं दिलंस तरी चालेल.

बारक्या

~

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, वर नाव नाही, खाली सही नाही. "खुणेवर जाऊ नकोस. पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन अडवून खरा वरचा बिंदू काढ. चकती पुलीच्या गाभ्यावर बस‍व, कड्यावर नको." अक्षर जसंच्या तसं आहे, आडव्या रेषा मारून कापल्यासारखं. मी ते कार्ड टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

तू सांगितलंस तसंच केलं. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली, त्यात आटे पाडून बोल्ट घातला आणि तो पहिल्या सिलिंडरमध्ये बसवला. क्रँक हातानं सावकाश फिरवला, पिस्टन येऊन टेकला, तिथं पुलीवर खडूची रेघ. मग उलटा फिरवला, दुसऱ्या बाजूनं टेकला, तिथं दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा वरचा बिंदू. आणि खूण? खूण तिथं नाहीच. बारा अंशांनी पुढं गेलेली.

पुलीचा गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यात तो रबराचा थर असतो ना, तो कधीतरी सुटला, कडं सरकलं आणि नव्या जागी घट्ट बसलं. खूण कड्यावर. म्हणजे खूण खोटं सांगत होती आणि आपण सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

चकती गाभ्यावर बसवली. सेन्सर आणि दाता यांच्यात एक मिलिमीटर अंतर ठेवलं. डिस्ट्रिब्युटरचा वरचा भाग कापून आतला दांडा तेवढा राहू दिला आणि त्यावर दुसरा छोटा सेन्सर बसवला, म्हणजे कुठला फेरा कॉम्प्रेशनचा ते डब्याला कळतं. परवा पहिल्यांदा स्टार्टर मारला तर एअर फिल्टरमधून असा बार निघाला की वायरिंगवाला बाकाखाली. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलच्या वायरी मीच उलटसुलट लावल्या होत्या. तीस वर्षं एक-तीन-चार-दोन म्हणत आलो आणि हे. अण्णांना आवाज आला नाही पण जमीन हादरली ती पायाला कळली. बाहेर येऊन म्हणाले, "काय फोडलंस?"

असो. मुख्य गोष्ट अशी की तेव्हा तू लावलेलं ठिणगीचं टायमिंग बरोबर होतं, हे मला आता कळलं. ठिणगीसरशी लुकलुकणाऱ्या माझ्या टायमिंग लाइटनं ते चुकीचं दाखवलं, पण लाइट तरी काय करणार, तो खुणेवरच पडतो. तुझ्या जागी तू बरोबर होतीस, माझ्या जागी मी बरोबर होतो. रबरानं आपल्या दोघांनाही फसवलं. मग पिस्टन का गेला म्हणशील, तर जुनं इंजिन, उन्हाळा, घाटाचा चढ. कधी कधी जायचं ते जातं.

अण्णांना हे सवडीनं सांगीन. पाटीवर पुलीची भानगड समजावायची म्हणजे चित्रं काढावी लागणार.

तुझा,
बारक्या

~

शुक्रवार, १४ मार्च

ताई,

दुसरं कार्ड आलं. यात तर एकच ओळ. "मी लावलेलं बरोबर होतं तर पिस्टन कसा गेला, आणि बोल्ट कुणी सैल केला?"

कार्ड तुझ्या भावजयीनं आधी वाचलं. माझ्या हातात दिलं आणि चहाचा कप घेऊन समोर बसली. मी म्हटलं, कामाचं आहे. ती म्हणाली, "दिसतंच आहे." तेव्हापासून घरात मला लपायला जागा नाही. आज दहावा दिवस आहे आणि मी हे चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

बोल्ट मी सैल केला.

लिहून टाकलं. आता सगळं सांगतो, तुला माहीत असलेलंही, कारण मी ते कधी तोंडानं उच्चारलेलं नाही.

मी दोन महिन्यांचा कोर्स करून आलो होतो. टायमिंग लाइट नवा कोरा, त्याची पेटी मी उशाशी घेऊन झोपायचो, आठवतं का. तू त्या शनिवारी डॉक्टरीणबाईंची गाडी नेहमीसारखी लावलीस. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, त्याची मूठ कानाशी, डोळे मिटलेले, डावा हात डिस्ट्रिब्युटरवर. केसभर इकडं, केसभर तिकडं. अण्णांनी तुला तसं शिकवलं होतं, आणि मला शिकवायला बसले तेव्हा अर्ध्या तासात "तुझा कान नाही" म्हणून उठले होते. ते मी विसरलो नव्हतो.

तू डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट आवळलास आणि मी लाइट मारला. ठिणगी पिस्टन वर पोचायच्या दहा अंश आधी पडायला हवी. लाइटमध्ये खूण दिसली शून्याच्याही दोन अंश पलीकडे. म्हणजे ठिणगी उशिरा. मला किती आनंद झाला ते आज लिहितानाही कानशिलं तापतात. मी म्हटलं, "ताई, बारा अंश चुकलीस." तू हात पुसत म्हणालीस, "खूण खोटी असेल. चालवून बघ, मग बोल." अण्णा आतून म्हणाले, "राहू दे तिचं आहे तसं."

राहू दे तिचं. त्या तीन शब्दांनी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तू बेअरिंग आणायला बाजारात गेलीस. अण्णा जेवायला बसले. मी बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर फिरवला, खूण दहावर आणली आणि आवळला. दोन मिनिटांचं काम. चौकापर्यंत फेरी मारली तर गाडी नुसती उडत होती. मला वाटलं, आठ दिवसांनी बाई येऊन म्हणतील, गाडी कधी नव्हे अशी पळते, आणि मग मी सांगीन, हे माझं काम. मला तुझं वाईट करायचं नव्हतं ताई. फक्त एकदा सगळ्यांसमोर माझं बरोबर निघायला हवं होतं.

खरी ठिणगी आता बावीस अंश आधी पडत होती. सपाट रस्त्यावर गाडी पळते, चढावर इंजिन आतून स्वतःला ठोकत राहतं. दुसऱ्या दिवशी घाटात तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं. बाई आणि त्यांची म्हातारी आई पाच तास धुक्यात गाडीच्या काचा वर करून बसल्या होत्या.

पुढचं सगळं तुझ्यासमोर झालं. अण्णांनी हेड काढलं, पिस्टन बाकावर ठेवला. त्यांनी विचारलं, "टायमिंग कुणाचं?" तू म्हणालीस, "माझं." मग ते माझ्याकडे वळले. "तू हात लावलास?"

मी म्हणालो, "नाही."

तू त्या वेळी डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टाकडे बघत होतीस. त्याच्या डोक्यावर पान्याचा ताजा ओरखडा होता. तू बोल्टाला असा ओरखडा कधी पडू देत नाहीस. मग तू माझ्याकडे बघितलंस. तू बोलशील म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो. तू बोलली नाहीस. मी सांगीन अशी वाट बघत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. आठ दिवस तू वाट बघितलीस. अण्णा म्हणाले, "पुन्हा पान्याला हात लावू नकोस," तरी बघितलीस. मी ते आठही दिवस वेळेवर जेवलो.

नवव्या दिवशी तू गेलीस.

तो पिस्टन अजून दाराशेजारच्या फळीवर आहे. अण्णा नव्या गिऱ्हाइकांना दाखवायचे, कानावर विसंबलं की असं होतं म्हणून. त्यांच्या अंगठ्याएवढं भोक आहे. मी रोज सकाळी शटर वर करताना ते बघतो, आणि रोज बघून बघून ते मला दिसेनासं झालं होतं.

आता माफी वगैरे लिहिली तर तू पत्र फाडशील, म्हणून लिहीत नाही.

बारक्या

~

रविवार, ६ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड येईल म्हणून तीन आठवडे पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होतो. आलं नाही. बरोबरच आहे. पण मला भीती वेगळीच वाटतेय. तू त्या पत्रावरून मला माफ करून टाकशील अशी. एकदा वेडेपणा केला, पोरकट होता, घाबरला, असं म्हणून. तसं होऊ नये. त्या पत्रात जे आहे ते खरं आहे, पण मी ते जिथं थांबवलं तिथं ते थांबलं नव्हतं.

महिन्याभरानं अण्णांनी ते इंजिन पुन्हा बांधलं. नवीन पिस्टन, नव्या रिंगा, पुली मात्र तीच, रॉकेलनं पुसून परत लावलेली. टायमिंग त्यांनी स्वतः लावलं. तुझ्यासारखंच, म्हणजे तू त्यांच्यासारखं लावायचीस तसं. स्क्रूड्रायव्हर कानाला. पण या वेळी त्यांनी एकदा लावलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा लावलं. त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला होता आणि तो मी उडवला होता.

मग ते हात धुवायला गेले. मी लाइट काढला आणि मारला.

शून्याच्या दोन अंश पलीकडे. जिथं तुझी खूण होती, तिथंच. इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

मी काही ढ नव्हतो. दोन माणसांचे दोन कान एकाच जागी येतात आणि खूण दुसरंच सांगते, म्हणजे खूण खोटी, एवढं समजायला कोर्स लागत नाही. तू गेल्याला तेव्हा फक्त पंचवीस दिवस झाले होते. तू मावशीकडे होतीस. बसनं दीड तासावर. अण्णा नळापाशी होते, दहा पावलांवर, आणि त्यांना तेव्हा चांगलं ऐकू येत होतं. मी लाइट बंद केला, वायर गुंडाळली आणि खिळ्याला टांगली. अण्णा आले, म्हणाले, "काय बघत होतास?" मी म्हटलं, "काही नाही, चालतोय का बघितला."

म्हणजे फेब्रुवारीत पुली बघून मला कळलं, असं जे मी लिहिलं, ते खोटं. पहिल्या पत्रातला प्रश्नही खोटा. शून्य कुठं धरायचं ते मला पक्कं माहीत होतं. खूण खोटी आहे हे तुझ्या हातून लिहून यावं आणि मग मला ते नव्यानं कळल्याचं सोंग करता यावं, यासाठी विचारलं. तुलाच कामाला लावलं, माझी बाजू सावरायला.

अजून एक आहे. हे तुझ्या भावजयीलाही सांगितलेलं नाही. ते इंजिन बांधून झालं आणि अण्णांनी ती गाडी माझ्याकडे सोपवली. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग. दर वेळी मी टायमिंग शून्याच्या दोन अंश पलीकडे ठेवायचो, कारण दहावर ठेवलं तर पिस्टन जाईल हे मला माहीत होतं. आणि सर्व्हिसच्या कार्डावर लिहायचो, "टायमिंग – १०". अण्णा कार्डं वाचतात म्हणून. बावीस कार्डं आहेत. परवा सगळी काढून बघितली, प्रत्येकावर माझ्या अक्षरात दहा. अकरा वर्षं त्या बाईंची गाडी तू लावलेल्या टायमिंगवर चालली आणि मी ते रोज लपवत राहिलो. पहिल्या दिवशी घाबरून खोटं बोललो असेन. ही बावीस कार्डं काही घाबरून लिहिलेली नाहीत. एका हातात चहा, एका हातात पेन, असं आरामात लिहिलंय.

मधल्या काळात अण्णांचे कान गेले. हळूहळू गेले, चार-पाच वर्षं लागली. त्या सगळ्या वर्षांत मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते ऐकू शकत होते. मग एक दिवस शेजारच्या वेल्डरनं त्यांच्या पाठीमागं लोखंडी पत्रा पाडला आणि ते वळले नाहीत. मला काय वाटलं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगताच येणार नाही, असं. बापाच्या बहिरेपणावर हलका होणारा माणूस मी आहे. हे तुला माहीत असावं आणि मग तू काय ते ठरवावंस.

पाटी आहे, लिहिता येतं. तेव्हाही येत होतं. डॉक्टरीणबाई येत्या शनिवारी गाडी न्यायला यायच्या आहेत. त्याआधी मी अण्णांना सांगणार आहे. हे लिहून ठेवतोय म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

बारक्या

~

मंगळवार, २२ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला उद्या मिळायला हवं, म्हणून वायरिंगवाल्याच्या हाती देतोय. तो तुझ्याच गावावरून जाणार आहे. तू घरी नसलीस तर लॉन्ड्रीत आणून देईल.

बाई यायच्या आधी अण्णांना सांगणार होतो, ते झालं नाही. बाई आल्या. गाडी सुरू केली. चारही कॉइल आपापल्या प्लगवर शहाण्यासारख्या बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "अगदी पूर्वीसारखी चालतेय हो." अण्णांनी बॉनेटच्या कडेला तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "छान लावलंय. कुणी?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाटी घेतली आणि लिहिलं, "कंट्रोल बॉक्सनं." बाईंनी पर्स उचलली. जाता जाता दारात मला एवढंच म्हणाल्या, "मी तिला कधीच दोष दिला नाही. तो तुम्ही लोकांनी दिलात." अण्णांना ऐकू गेलं नाही.

त्यानंतर आठ दिवस मी मूग गिळून काढले. परवा रविवारी दुपारी सांगितलं.

अण्णा बाकावर बसून जुने नट निवडत होते. मी पाटी त्यांच्या गळ्यातून काढून घेतली आणि लिहिलं, "घाटात पिस्टन गेला तेव्हाचं टायमिंग ताईचं नव्हतं. ती बाजारात गेल्यावर मी फिरवलं होतं." त्यांनी वाचलं. बाहीनं पुसलं. पाटी परत दिली आणि म्हणाले, "पुन्हा लिही."

मला वाटलं अक्षर लागलं नसेल. मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी वाचलं, पुसलं. "पुन्हा लिही."

तिसऱ्यांदा लिहिलं, "मी फिरवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणालो. खोटं बोललो." हे मात्र त्यांनी पुसलं नाही. पाटी मांडीवर घेऊन बसले. मग विचारलं, "मग तिनं का नाही सांगितलं?"

मी खाली उरलेल्या जागेत लिहिलं, "तिला वाटलं मी सांगीन."

अण्णा माझ्यावर ओरडतील म्हणून मी अकरा वर्षं घाबरत होतो. ते ओरडले नाहीत. उठले, नटांचा डबा जागेवर ठेवला, आत गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. काल सकाळी पिशवी भरून बाहेर आले. त्यात दोन सदरे, गोळ्या, टॉवेल. म्हणाले, "तिचा पत्ता दे. गुरुवारच्या बसचं तिकीट काढ."

मी पाटीवर लिहिलं, "मीही येतो. तुम्हाला ऐकू येत नाही, एकटे कसे जाल?"

म्हणाले, "तू कशाला? तू तर इथंच होतास."

परतीचं तिकीट काढू का विचारलं, तर म्हणाले, "नको. ती म्हणेल तसं." तू काहीच म्हणाली नाहीस तर स्टँडवरूनच मागं फिरायचं, असं त्यांनी धरून ठेवलंय. तसं त्यांनी तुझ्या भावजयीला सांगितलं, मला नाही. माझ्याशी ते बोलत नाहीत. बोलू नयेच.

बस गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचते. कंडक्टरला सांगून ठेवलंय, तरी ते सगळ्यांत शेवटी उतरतील. पाठीमागून येऊ नकोस, दचकतात. हॉर्न ऐकू येत नाही, तेव्हा रस्ता ओलांडताना दंड धर. हात धरलेला आवडत नाही. पांढरी गोळी जेवणाआधी, पिवळी नंतर. त्यांच्याशी लिहून बोलावं लागेल. एका वेळी एकच वाक्य, मोठ्या अक्षरात. तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. तू आली नाहीस तर मी त्यांना रात्रीच्या बसला उतरवून घेईन आणि तुला कुणी काही विचारणार नाही.

अजून एक. मी त्यांना सगळं सांगितलेलं नाही. फिरवल्याचं सांगितलं, खोटं बोलल्याचं सांगितलं. पंचवीस दिवसांनी मला कळलं होतं आणि तरीही मी गप्प राहिलो, ते नाही सांगितलं. कार्डांचंही नाही. ते लिहायला पाटी घेतली होती, पण त्यांचा चेहरा बघून ठेवून दिली. त्यांना अजून असं वाटतंय की मी फक्त त्या एका दिवसापुरता वाईट होतो.

तू ही पत्रं त्यांना दाखवू नयेस असं सांगण्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. ते सांगत नाही. दाखव. चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असतो. सहा एप्रिलचं आधी दे.

बारक्या